तीन फरश्यांवरची झोप

झोपेबद्दल लिहायला बसलो आहे, त्याबद्दल आधी माफी मागतो. माझ्या घराण्यात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलं नाही, आणि लिहिणं म्हणाल तर रेशनकार्डाच्या अर्जापलीकडे कुणी काही लिहिलेलं नाही. गिरण्यांच्या संपावर लिहिणारे जाणते लोक आहेत. त्यांनी मोर्चे पाहिले, सभा ऐकल्या, पुढाऱ्यांशी बोलले. मी त्या वर्षी बी.ए.च्या शेवटच्या वर्गात होतो, आणि त्या दिवसांतलं सगळ्यात जास्त काय आठवतं असं मला कुणी विचारलं, तर झोप आठवते. हे सांगतानाही चोरट्यासारखं होतं. माणसांची चूल बंद होती आणि हा झोपेचं सांगतो. पण मला ठाऊक आहे ते एवढंच आहे, आणि ते सांगितल्याशिवाय मला दुसरं काही लिहिता येईल असं वाटत नाही.

लालबागला एका चाळीत आमच्या गावाची खोली होती. गावाची म्हणजे गावमंडळाची. कोकणातून येऊन गिरणीत लागलेले आमच्या गावचे एकवीस पुरुष तिथे राहत. बायकापोरं गावाला. जेवण खानावळीत, ट्रंक भिंतीवरच्या फळीवर, कपडे दोरीवर, आणि निजायला प्रत्येकाला तीन शहाबादी फरश्या, एकापुढे एक. त्याला ‘जागा’ म्हणत. कुणाची जागा कुठली हे फरशीवर लिहिलेलं नसे, पण कुणी चुकत नसे. एकवीस माणसांना पुरतील एवढ्या फरश्या त्या खोलीत नव्हत्याच. तरी भागत होतं, कारण सगळे एका वेळी कधी निजत नव्हते. पहिल्या पाळीचे उठून गेले की रातपाळीचे येऊन त्याच फरश्यांवर आडवे व्हायचे.

जागेचा नियम एकच होता. जागा कामावरच्या माणसाची. माझे वडील गिरणीत होते तेव्हा त्यांची जागा होती. खोकल्याने ते गावाला गेले आणि परत आले नाहीत, तेव्हा ती दुसऱ्याला गेली. मी अकरावी करून मुंबईत आलो तेव्हा खोलीच्या कारभाऱ्यांनी, म्हणजे आमच्यातल्या सगळ्यात जुन्या माणसाने, सरळ सांगितलं की शाळा शिकणाऱ्याला जागा देता येत नाही, आज तुला दिली तर उद्या प्रत्येकाचा भाचा येईल. त्यात त्यांची चूक नव्हती.

तेव्हा काका बोलले. काका माझे सख्खे नव्हेत. वडिलांच्या वाडीतले, त्यांच्याबरोबर एकाच दिवशी लूमवर लागलेले. सगळ्या खोलीसमोर ते म्हणाले की माझ्या फरश्या अर्धा दिवस रिकाम्याच असतात, त्या वेळेत पोर निजेल, त्यात नियम कुठे मोडतो?

गिरणीत पाळ्या आठवड्याला फिरत. काकांनी आपल्या खात्यातल्या लोकांशी पाळी बदलून घ्यायला सुरुवात केली. रातपाळी कुणालाच नको असते, त्यामुळे बदली द्यायला सगळे तयार. जॉबर, म्हणजे खात्याचा मुकादम, तोही काही बोलला नाही. असे काका जवळजवळ चार वर्षं कायमचे रातपाळीला राहिले. रात्री साडेअकराला ते निघायचे, मी गॅलरीतल्या दिव्याखालून पुस्तक मिटून आत यायचो. सकाळी सात-साडेसातला ते परत यायचे, तेव्हा मी नळावर असायचो. चादर एक, उशी एक. आम्ही चार वर्षं एकाच अंथरुणात झोपलो आणि एकमेकांना झोपलेलं क्वचितच पाहिलं.

खोलीत चेष्टा व्हायची. कुणीतरी म्हणायचं, “नवरा-बायकोसुद्धा एवढी पाळी सांभाळीत नाय रे.” काका हसायचे. ते फार बोलणारे नव्हते. मला झोपायला मिळावं म्हणून ते रातपाळी करतात हे त्यांनी कधी तोंडातून काढलं नाही. मीही कधी विचारलं नाही. मला ते दिसत होतं, आणि दिसत असलेल्या गोष्टीबद्दल आमच्याकडे आभार मानत नाहीत.

संप सुरू झाला तेव्हा थंडीचे दिवस होते. पहिले काही दिवस जत्रेसारखे गेले. मग एक साधी गोष्ट लक्षात आली, जिचा कुणी विचारच केला नव्हता. आता पाळीच नव्हती. एकवीसच्या एकवीस माणसं रात्री एकदम झोपायला लागली.

काही गॅलरीत गेली, काही जिन्याच्या चौकात, काही खाली फुटपाथवर. पण प्रत्येक चाळीतली माणसं खाली उतरली होती, फुटपाथवरच्याही जागा ठरून गेल्या होत्या. गावाला कुणी जाईना, कारण संप आज मिटेल, उद्या मिटेल असं सगळे म्हणत होते; आणि मिटला त्या दिवशी हजर नसलो तर? काका आणि मी तीन फरश्यांवर दोघे झालो. त्यांचं डोकं भिंतीकडे, माझं दाराकडे. त्यांचे पाय माझ्या उशीपाशी, माझे त्यांच्या.

तेव्हा पहिल्यांदा मी त्यांना रात्रीचं पाहिलं. त्यांना झोप येतच नव्हती. चार वर्षांच्या रातपाळीने त्यांचं अंग उलटं फिरलं होतं. बारा वाजले की ते टक्क जागे व्हायचे आणि भिंतीला पाठ लावून बसायचे. मला धक्का लागू नये म्हणून गुडघे पोटाशी घ्यायचे. पहाटेकडे कधी बसल्या-बसल्या डोळा लागला तर त्यांची बोटं हलायची, तुटलेल्या धाग्याला गाठ मारतात तशी, आणि पाय एकदम झटकला जायचा. तो मला लागायचा. मी उठायचो. ते “लागला रे?” म्हणायचे. मी “नाय” म्हणायचो. दिवसा ते निजू शकत नव्हते, कारण दिवसा त्या फरश्यांवर पत्ते चालायचे, पेपर वाचला जायचा, संपाच्या बातम्यांवरून भांडणं व्हायची.

मी वर्गात पेंगायला लागलो. आमचं कॉलेज दादरच्या बाजूला होतं, मी चालत जायचो, आणि पहिल्या तासाला बसलो की डोळ्यांवर झापड यायची. मानसशास्त्राच्या बाईंनी एकदा मला उभं केलं. रागावल्या नाहीत. त्या वर्षी त्या विद्यार्थ्यांच्या झोपेविषयी काही अभ्यास करत होत्या. त्यांनी वर्गातल्या काहीजणांना एकेक वही दिली, त्यात मलाही. रोज रात्री किती वाजता आडवे झालात, किती वाजता झोप लागली, किती वेळा जाग आली आणि कशाने, सकाळी उठल्यावर कसं वाटलं, हे खरं-खरं लिहायचं. शेवटच्या परीक्षेला दोन-अडीच महिने होते. बाई म्हणाल्या, वाचलेलं डोक्यात बसतं ते झोपेत बसतं, नुसतं जागून काही होत नाही.

मला त्या वहीचा फार अभिमान वाटला. कॉलेजने माझ्या झोपेची चौकशी करावी! मी इमानाने लिहू लागलो. खोलीत ती वही लगेच प्रसिद्ध झाली. “झोपेची हजेरी भरता हो,” कारभारी म्हणाले, “उशीर झालो तर अर्धो खाडो.” कुणी विचारलं, बाई घोरण्याचे मार्क देतात काय, मग आपला अमुक पहिला येईल. सगळे हसले. त्या दिवसांत हसायला तेवढं निमित्त पुरायचं.

एका दुपारी काका माझ्याजवळ येऊन बसले. त्यांना वाचता येत नव्हतं, सहीपुरतं येत होतं. त्यांनी वहीवर बोट ठेवून विचारलं, “ह्या काय लिवलंस?”

आता जे सांगतो ते मला आजही नीट सांगता येत नाही. मी वाचून दाखवलं. लपवायचं असतं हे माझ्या डोक्यातच आलं नाही. शिकलेला मुलगा आपलं लिहिलेलं मोठ्या माणसाला वाचून दाखवतो तसा मी खड्या आवाजात वाचत गेलो. बारा वाजून दहा मिनिटे, जाग आली, काका उठून बसले. दोन वाजता, काकांचा खोकला. पावणेचार, काकांचा पाय लागला. सकाळी डोकं जड. पुढचा दिवस. पुन्हा तसंच. नऊ दिवस मी वाचले. मध्येच कुठेतरी माझा आवाज बारीक झाला असेल, पण मी थांबलो नाही, कारण थांबलो असतो तर का थांबलो ते सांगावं लागलं असतं.

काकांनी सगळं ऐकलं. मग म्हणाले, “बाई काय म्हणता? किती झोप व्हयी तुका?”

मी म्हटलं, रात्रभर, सलग.

“व्हय तर,” ते म्हणाले, आणि पाणी प्यायला उठले.

चार दिवसांनी त्यांनी खोलीत सांगितलं की त्यांना काम मिळालं आहे. रे रोडला लाकडाच्या वखारीत, रात्रीची राखण. संध्याकाळी सातला जायचं, सकाळी सातला यायचं. संपात कुणी हातगाडीवर भाजी विकत होतं, कुणी गोदीत ओझी उचलत होतं, त्यात विशेष काही नव्हतं. कारभाऱ्यांनी चेष्टा केली, “वासो खांद्यार घेऊन कोण पळतलो रे? तू थंय जाऊन निजतलंस आणि शेठ तुका राखीत बसतलो.” काका म्हणाले, “ह्या वयात माका रातपाळीशिवाय दुसरा काय जमता?” ते इतकं सहज होतं की सगळ्यांनी मानलं.

मीही मानलं. मला मानायचंच होतं.

त्या रात्रीपासून तिन्ही फरश्या माझ्या झाल्या. पहिल्या रात्री मी नऊ तास झोपलो. वहीत लिहिलं, सलग झोप, जाग आली नाही. काका सकाळी यायचे, चहा घ्यायचे, कोपऱ्यात तोंडावर टॉवेल टाकून पत्त्यांच्या गलक्यात तासभर पडायचे. डोळे लाल असायचे, पण रातपाळीवाल्याचे असायचेच. महिन्याच्या शेवटी बाईंनी वह्या पाहिल्या. माझी वही हातात धरून त्या वर्गाला म्हणाल्या, “हे बघा, यानं वेळेची शिस्त लावून घेतली आणि पंधरा दिवसांत झोप सुधारली. परिस्थिती कशीही असो, मनावर घेतलं की होतं.” मी खाली बघत उभा होतो. मला बरं वाटत होतं, हेही कबूल करायला हवं.

मार्चमध्ये संपकऱ्यांना धान्य वाटायचं ठरलं. पहाटे पाचला रांग, प्रत्येकाने गिरणीचा पास घेऊन स्वतः हजर राहायचं, माल संपला की वाटप बंद. हे कळलं तेव्हा काका वखारीवर जायला निघून गेले होते. कारभारी मला म्हणाले, “जा रे, त्याका सांगून ये. खोलीर येऊ नको म्हणा, पाचाक थेट रांगेत ये. पास त्याच्या खिशातच आसता.”

मी चालत रे रोडला गेलो. अंधार पडला होता. वखारींच्या गल्लीत ओल्या सागाचा वास होता आणि दारं ओढून घेण्याचे आवाज. काकांनी वखारीचं नाव कधी सांगितलं नव्हतं, पण स्टेशनच्या मागच्या बाजूला, पिंपळापाशी, एवढं सांगितलं होतं. पिंपळापाशी तीन वखारी होत्या. पहिल्या दोन ठिकाणी नाही म्हणाले. तिसऱ्या ठिकाणी एक म्हातारे मेहताजी गल्ल्याला कुलूप लावत होते. मी काकांचं वर्णन केलं. ते म्हणाले, “अरे बेटा, इथे राखणीला मराठी माणूस कोणी नाय. या पूर्ण लाइनीमधे नाय. एक नेपाळी हाय, तो समद्या वखारी बघतो. दुसरा एक कुत्रा हाय.” आणि माझ्याकडे बघून त्यांना काय वाटलं कोण जाणे, म्हणाले, “पाणी पिणार?”

मी पाणी प्यायलो. परत निघालो. ते अंतर अर्ध्या-पाऊण तासाचं आहे. त्या वेळात मला सगळं कळलं, आणि काय करायचं तेही कळायला पाहिजे होतं. ते मात्र कळलं नाही. खोलीत पाऊल टाकलं तर कारभाऱ्यांनी सगळ्यांच्या डोक्यांवरून विचारलं, “सांगलंस?”

अठरा-वीस माणसं माझ्याकडे बघत होती. ‘भेटले नाहीत’ म्हटलं असतं तर का नाही भेटले, वखारीत नाहीत तर कुठे आहेत, असं सुरू झालं असतं. काकांचं खोटं सगळ्यांसमोर पडलं असतं. हे कारण मी पुढे कित्येक वर्षं स्वतःला देत आलो. पण त्याच्या खाली दुसरं कारण होतं. परीक्षेला अठरा दिवस राहिले होते.

मी मान हलवली. म्हटलं, सांगितलं.

आणि अंथरूण घातलं, आणि झोपलो. झोप लागली नाही असं लिहायला आवडलं असतं. झोप लागली.

सकाळी खोलीतले सगळे धान्य घेऊन आले. काका नेहमीसारखे सातला आले. वाटप साडेसहालाच संपलं होतं. कारभारी संतापले होते, कारण काकांच्या वाट्याचं धान्य खानावळीत द्यायचं होतं आणि खानावळीच्या बाईंना तसा शब्द दिला होता. ते दारातच ओरडले, “तुका काल ह्या पोरान रे रोडाक येऊन सांगल्यान ना? मगे?”

मी भिंतीशी पुस्तक धरून बसलो होतो. काकांनी माझ्याकडे बघितलं. किती वेळ ते सांगता येणार नाही. चहाचा पेला हातात घेऊन माणूस एक घोट घेईल तेवढाच. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. आश्चर्यही फारसं नव्हतं. हा रे रोडला गेला होता, याला आपण तिथे नसतो हे कळलं आहे, आणि याने ते सांगितलेलं नाही, हे सगळं त्यांनी एकेक धागा तपासावा तसं माझ्या तोंडावर तपासलं.

मग ते कारभाऱ्यांना म्हणाले, “सांगल्यान. माझोच डोळो लागलो.”

एवढंच. त्या दोन वाक्यांत त्यांनी माझं खोटं आपल्या अंगावर घेतलं, आणि आपलं माझ्याजवळ ठेवलं. खोलीत हशा झाला. राखणदाराचा डोळा लागला म्हणून. काकाही थोडे हसले.

त्या संध्याकाळी मी ठरवलं होतं की ते निघाले की उठायचं आणि म्हणायचं, काका, जाऊ नका, मी गॅलरीत निजतो. वाक्य मी पाठ केलं होतं. सात वाजता त्यांनी टॉवेल खांद्यावर टाकला, चपला घातल्या आणि दाराशी क्षणभर थांबले. माझ्यासाठी थांबले असतील, नसतील. मी पुस्तकातून वर बघितलं नाही. ते गेले.

असे सतरा दिवस. कुठल्याही दिवशी मला त्यांच्या मागून जाता आलं असतं. पंधरा पावलं मागे राहून चालायचं, एवढंच. कुठे बसतात, कुठे पाठ टेकतात, डोक्याखाली काय घेतात, ते कळलं असतं. मी गेलो नाही. ते कळलं असतं तर मला झोपता आलं नसतं. खानावळीच्या बाई धान्य आलं नाही म्हणून त्या पंधरवड्यात काकांना एकच वेळ वाढत होत्या. त्या वेळीही आम्ही समोरासमोर बसून जेवलो. मी माझ्या ताटातली भाकरी त्यांच्याकडे सरकवली. ते म्हणाले, “खा तू, परीक्षा तुझी आसा.”

झोपेची वही मी परीक्षेआधी बाईंना परत दिली. शेवटच्या पानांवर रोज एकच नोंद होती. सलग झोप. सकाळी ताजेतवाने.

पेपर चांगले गेले. शेवटचा पेपर देऊन आलो त्या दिवशी मी दुपारी झोपलो तो संध्याकाळ उलटल्यावर उठलो. उठलो तेव्हा काकांची ट्रंक फळीवर नव्हती. आमच्या गावचे सहाजण त्या संध्याकाळच्या गाडीने गेले होते. संप काही मिटत नाही, पावसाआधी निदान घर शाकारून घेऊ, म्हणून. कारभारी म्हणाले, “तुका उठवतंय म्हटलंय, तर तो उठवूक देयना. निजांदे म्हणालो. आणि आपली जागा आता तुझ्या नावान कर म्हणून सांगून गेलो. मी म्हटलंय, तो खंय कामार आसा? तर म्हणता, लागात.”

मी लागलो. दुसऱ्या वर्गात पास झालो आणि वर्षभरात फोर्टमध्ये एका कचेरीत कारकून झालो. काका मुंबईला परत आले नाहीत. त्यांची गिरणी उघडली तेव्हा त्यांचं नाव यादीत नव्हतं, आणि मग ती गिरणीही बंद झाली. मी लालबागची खोली सोडून गिरगावात दोन सहकाऱ्यांबरोबर भाड्याने राहू लागलो. तिथे मला स्वतःची खाट होती. त्या खाटेवर मला झोप येईना. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. मित्र म्हणाले, लग्न कर. मी बारा वाजता टक्क जागा व्हायचो आणि भिंतीला पाठ लावून बसायचो, आणि मग मला आपण कुणासारखे बसलो आहोत ते कळायचं.

गावाला माझं जाणं होत होतं. आईला भेटायला वर्षातून एकदा जायचो. काकांचं घर वाडीच्या दुसऱ्या टोकाला. दरवेळी गेलो. दरवेळी ओटीवर बसलो, चहा प्यायलो, भाताबद्दल बोललो. काकी समोर असायची, शेजारचे असायचे. काका खंगले होते, पण माझं चांगलं चाललं आहे हे ऐकून त्यांना मनापासून बरं वाटायचं. दरवेळी मी पाठ केलेलं वाक्य तसंच घेऊन परत आलो. मग आईही गेली, आणि दोन वर्षं माझं गावाला जाणं झालंच नाही.

शेवटी मी पत्र लिहिलं. तोंडाने जमत नाही ते शिकलेल्या माणसाने कागदावर तरी करावं, असं वाटलं. तीन रात्री लिहीत होतो. सगळं लिहिलं. वही, मी वाचून दाखवलेले नऊ दिवस, रे रोडचा पिंपळ, मेहताजी. तुम्ही वखारीत नव्हता हे मला कळलं होतं, तरी मी झोपलो. तुम्ही दाराशी थांबला होता तेव्हा मी वर बघितलं नाही. मला क्षमा करा असं लिहिलं, मग खोडलं, कारण ते त्यांना संकोचात टाकणारं वाटलं. शेवटी नुसता नमस्कार लिहिला आणि पत्र पेटीत टाकलं. पेटीत टाकल्यावर आठवलं की काकांना वाचता येत नाही. पण घरात नातू चौथीत होता. तो त्यांना हळूच वाचून दाखवील असं मी मनाशी धरलं.

उत्तर आलं नाही. महिना गेला, सहा महिने गेले. आधी वाटलं, रागावले. मग वाटलं, रागावणारा माणूस नव्हे, लाजले असतील. मग मी असंही ठरवून टाकलं की न लिहिणं हेच त्यांचं उत्तर आहे, जसं ते दोन वाक्यांत सगळं मिटवायचे. त्या विचाराने मला थोडी झोप येऊ लागली. त्या वर्षी चतुर्थीला रजा मिळाली असती, मी मागितली नाही. म्हटलं, त्यांना जरा वेळ देऊ.

गणपती झाल्यावर आठवड्याने कारभारी गिरगावात माझ्या खोलीवर आले. फार म्हातारे झाले होते. दोन जिने चढून आल्यामुळे आधी बराच वेळ नुसते बसले. गावाहून परवाच आले होते. मी चहा ठेवला आणि काकांची विचारपूस केली.

ते म्हणाले, “अरे, तो गेलो, वर्ष झाला. तुका म्हायत नाय?”

मी म्हटलं, मला कुणी कळवलं नाही.

“कळवतलो कोण? तुझा पत्र इला ना बाराव्याक. आमी म्हटला, पोराक कळला, दुखवट्याचा पत्र धाडल्यान. सगळी वाडी बसलेली ओटयेर. मास्तर होते, त्यांच्याकडे दिला. त्यांनी मोठ्यान वाचल्यानी.”

मी विचारलं, सगळं वाचलं?

“सगळा. मधी थांबले होते, पण तुझी काकी म्हणाली, वाचा.” कारभाऱ्यांनी चहाचा पेला खाली ठेवला. “आयकत बसली ती. रडूक नाय, काय नाय. तिका ह्यातला कायच ठावक नाय होता. संपला तेवा तिना इतक्याच इचारल्यान, मगे ते निजत खंय होते? कोणाक सांगूक येना. माकाव येना. आता चवथीक गेलंय, तर परत ताच इचारता. म्हणान तुझ्याकडे इलंय.”